गडावर मुक्कामाला जाताना स्वयंपाकाचं काय न्यायचं

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मुक्काम केला तेव्हा कळलं की छोटा गॅस स्टोव्ह एकटा पुरत नाही, १४२४ मीटर उंचीवर वारा असा सुटतो की आच भांड्याला लागतच नाही, म्हणून पत्र्याचा घडीचा आडोसा हवाच हवा. आणि थंडीत स्टोव्हच्या कॅनिस्टरमधल्या (इंधनाच्या छोट्या डब्यातल्या) ब्युटेनचं प्रेशर पडतं, शून्याच्या आसपास तर तो वायू व्हायलाच तयार नसतो, मग मी कॅनिस्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपते, सकाळी चहा पटकन होतो. बाकी दोन लिटरचा ॲल्युमिनियमचा टोप, वर झाकण, सांडशी (ही सगळे विसरतात!), काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. डाळ-तांदूळ, हळद, मीठ घरूनच एकत्र करून न्या, म्हणजे खिचडीला एकच भांडं लागतं आणि टाक्यावरून पाणीही कमी आणावं लागतं.