तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच जंतूच्या मागे का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठं भाषणाला गेले तर तिथंही, प्रश्न एकच असतो. कॉलऱ्याचा जंतू कधीचा सापडलाय, सलाईन आहे, ओआरएस आहे, लस आहे. मग तो विष कधी करतो नि कधी करत नाही, यात इतकी वर्षं कशाला घालवायची? परवा एका निवृत्त डॉक्टरांनीही हेच विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

हा जंतू मुळात खाडीतला. मचूळ पाण्यात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जिवांना चिकटून तो राहतो. तिथं त्याला विषाची गरज नसते. आपल्या लहान आतड्यात पोचला की त्याच्या आवरणातली टॉक्सआर आणि टीसीपीपी ही प्रथिनं भोवतालचा बदल ओळखतात आणि टॉक्सटी नावाचं तिसरं प्रथिन तयार करवतात. हे टॉक्सटी विषाची जनुकं चालू करतं, आतड्याला धरून राहायला लागणाऱ्या तंतूंचीही. पित्तातले काही घटक या साखळीला हात देतात, तर पित्तातलीच काही मेदाम्लं टॉक्सटीला अडवून धरतात. गंमत अशी की विषाची जनुकं मूळची या जंतूची नाहीतच. ती एका विषाणूबरोबर आली, हे १९९६ मध्ये वॉल्डोर आणि मेकॅलानोस यांनी दाखवलं. विष परक्याचं, पण ते कधी करायचं याचा निर्णय याचा स्वतःचा.

प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. एल टॉर या प्रकारचा कॉलऱ्याचा जंतू साध्या रश्श्यात, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवात, हलवत वाढवला तर विष जवळजवळ करतच नाही. तोच जंतू, बायकार्बोनेट घातलेल्या रश्श्यात, उंच नळीत काठोकाठ भरून, ३७ अंशांवर चार तास अजिबात न हलवता ठेवायचा. मग फ्लास्कमध्ये ओतून जोरात हलवायचा. आता विष येतं. डीएनए तोच, एक अक्षर बदललेलं नाही. म्हणून ‘जीनोम वाचलाय ना, मग आता काय राहिलं?’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. येऊ दे.

आता आत्याच्या घरचं सांगते, कारण खरं उत्तर तिथं आहे.

आत्याच्या गावी मे महिन्यात काकांना जुलाब सुरू झाले, तांदळाच्या धुवणासारखे. विहीर तळाला गेली होती. दोन दिवसांनी काका सलाईनवर सावरले. या दोन दिवसांत त्यांचं सगळं वहिनीनं केलं. चादरी, लुंग्या, पोछे तिनंच मोरीत धुतले, हातानं. तिसऱ्या रात्री तिला सुरू झाले. घरात काकांच्या आजारपणाची दमणूक, त्यात रात्र, ‘सकाळी नेऊ’ म्हणाले. सकाळी नेलं तेव्हा डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, शीर सापडेना. मग मूत्रपिंडं बंद पडली. वहिनी गेली.

तेराव्याला आत्यानं मला माजघरात बोलावलं. म्हणाली, “ती उकळलेलंच पाणी पीत होती गं. विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकून झाल्यावरसुद्धा उकळूनच. मग तिला कसं झालं?”

मी सांगितलं. आतड्यात जंतूंची गर्दी वाढली की त्यांना ती एकमेकांच्या रासायनिक खुणांवरून कळते. पुष्कळसे रोगजंतू गर्दी झाल्यावर हल्ला चढवतात. हा उलट विषाची जनुकं बंद करतो, पकड सोडतो आणि बाहेर पडायची तयारी करतो. ताज्या जुलाबातून बाहेर आलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूपेक्षा कितीतरी सहज लागण करतो, हे ढाक्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून २००२ मध्ये दिसलं. उंदरांच्या पिल्लांमध्ये तपासलं होतं. ही तीव्रता काही तास टिकते. विहिरीच्या पाण्यातला जंतू आणि चादरीवरचा जंतू एकच, पण दोघांची अवस्था वेगळी.

आत्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, “हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

“हो.”

“मग आम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हणू शकले असते की कपडे उकळत्या पाण्यात टाका, हात साबणानं धुवा हे गावोगाव सांगतात, त्यासाठी जनुकं कळायची गरज नाही. ते खरंही आहे. पण मग माझ्या कामाची गरज कुणाला, हा तुमचाच प्रश्न परत येतो.

इथं मी तुमच्या बाजूनं बोलते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं जे जीव वाचवले, त्यात टॉक्सटीचा काही वाटा नव्हता. तेव्हा ते ठाऊकच नव्हतं. टॉक्सटीला रोखणारा विरस्टॅटिन नावाचा रेणू २००५ मध्ये जाहीर झाला, उंदरांच्या पिल्लांत त्यानं जंतूला आतड्यात ठाण मांडू दिलं नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की आता जंतूला न मारता नुसतं निःशस्त्र करता येईल, म्हणजे औषधांना दाद न देण्याची त्याची ताकदही कमी वाढेल. आजवर ते औषध रुग्णापर्यंत आलेलं नाही. तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, थोडा धीर धरा. आजची मी धीर धरा म्हणत नाही, आणि काम सोडतही नाही.

सध्या मी एवढंच बघते आहे की ओल्या सुती कापडावर तो जंतू त्या अवस्थेत किती वेळ राहतो. यातून औषध निघेल का, असं तुम्ही विचाराल. बहुधा नाही.