तुम्ही विचारलंत म्हणून: बोधचिन्ह प्रोग्रॅमच काढतो, मग तुमचं काम कोणतं?

एखाद्या महोत्सवाचे किंवा परिषदेचे बोधचिन्ह मी कोड लिहून तयार केले आहे असे सांगितले, की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "म्हणजे चित्र संगणकानेच काढलं ना? मग त्यात तुमचं काम कोणतं?" विचारणाऱ्याच्या सुरात कधी निखळ कुतूहल असते, तर कधी मानधनाचा आकडा ऐकून आलेली शंका असते, आणि दोन्ही मला रास्त वाटतात. 'मी नियम लिहिते आणि संगणक त्याप्रमाणे आकृती काढतो' हे माझे नेहमीचे उत्तर खरे असले, तरी ते अपुरे आहे हे मला देतानाच जाणवते. म्हणून या वेळी एका प्रत्यक्ष कामाच्या आधाराने सविस्तर लिहिते.

ते काम समूहगायनाच्या तीन दिवसांच्या महोत्सवाचे होते. बेचाळीस गायनवृंद येणार होते आणि प्रत्येक वृंदाला स्वतःचे चिन्ह हवे होते. मात्र सगळी चिन्हे शेजारी मांडली, तर ती एकाच घरातली दिसली पाहिजेत, अशी आयोजकांची अट होती. बेचाळीस आकृत्या हातानेही काढता येतात. अडचण अशी होती की वृंदांची यादी शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहणार होती, आणि नंतर नाव नोंदवणाऱ्याचे चिन्ह घाईघाईत उरकलेले दिसणे मला मान्य नव्हते. तेव्हा बेचाळीस आकृत्यांऐवजी त्या सगळ्यांना जन्म देणारी एकच आज्ञावली लिहायची, असे ठरले.

नियम कुठून आणायचा, हा पहिला खरा प्रश्न होता, आणि याच टप्प्यावर माझा सर्वाधिक वेळ जातो. पडद्यावर शोभिवंत नक्षी उमटवणे आज अगदी सोपे आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'प्रोसेसिंग'सारख्या साधनांमुळे चित्रकारालाही दहा ओळींत काहीतरी देखणे हाती लागते. पण ते देखणेपण त्या समारंभाचे असेलच असे नाही. गाणाऱ्यांच्या मेळाव्याचे चिन्ह गाण्यातूनच निघावे, अशी माझी इच्छा होती. फ्रेंच शास्त्रज्ञ जूल आंत्वान लिसाजू यांनी १८५७ च्या सुमारास कंप पावणाऱ्या नादकाट्यांवर छोटे आरसे बसवून त्यांवरून प्रकाशाचा किरण परावर्तित केला होता. एक नादकाटा किरणाला आडवा हलवी, दुसरा उभा, आणि त्या दोन कंपनांच्या मेळातून पडद्यावर एक बंद, गुंफलेली रेषा उमटे. दोन सूर एकत्र आले की काय दिसते, याचे ते अक्षरशः चित्र होते. माझा शोध तिथेच थांबला.

या आकृत्या काढणारे गणित अगदी थोडके आहे. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन असते. रेषेच्या टोकाला आडव्या दिशेने दोन आणि त्याच वेळात उभ्या दिशेने तीन हेलकावे द्यायचे, की वरच्या कडेला तीनदा आणि उजव्या कडेला दोनदा टेकणारी वेणीसारखी आकृती तयार होते. षड्ज-मध्यमासाठी तीनास चार, शुद्ध गांधारासाठी चारास पाच, धैवतासाठी तीनास पाच, अशी प्रत्येक स्वरजोडीची वेगळी वेणी असते. याशिवाय एक कंपन दुसऱ्याच्या किती अंश पुढून सुरू होते, यावरही आकृतीचे रूप ठरते. त्याला कलांतर म्हणतात. प्रमाण, कलांतर, रेषेची जाडी आणि रंगांची जोडी, एवढ्या चार गोष्टी बदलत्या ठेवायच्या आणि बाकी सारे कायम राखायचे, असा आराखडा मी आखला.

आराखडा झाल्यावर दोनशे आकृत्या काढून कागदावर छापल्या आणि भिंतीवर लावल्या. त्या भिंतीसमोर उभे राहून केलेले काम हेच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. बहुतेक आकृत्या चांगल्या होत्या, पण दोनास तीनच्या काही वेण्या पार कोलमडलेल्या दिसत होत्या: बंद गुंफणीऐवजी वाकवलेल्या तारेसारखी एकच उघडी कमान, आणि तिच्या आसपासच्या काही आकृत्यांत दोन रेषा इतक्या चिकटलेल्या, की शाई फुटल्यासारखे वाटावे. कारण शोधायला एक दुपार गेली. दोन्ही दिशांचे हेलकावे साइन या गणिती सूत्रानेच काढून दोनच्या कंपनाला कलांतर दिले, तर ३० अंशांवर आणि तिथून पुढे दर ६० अंशांवर रेषा गेल्या वाटेनेच परत येते, त्यामुळे वेणी मिटून जाते. मी कलांतर यादृच्छिक ठेवले होते, म्हणजे संगणकाने कोणताही अंश निवडावा अशी मोकळीक दिली होती, आणि त्याने ती प्रामाणिकपणे वापरली होती. मग त्या प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा अंश वर्ज्य केले. इतर प्रमाणांत या जागा निराळ्या येतात, म्हणून प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्रपणे काढावी लागली.

दुसरी गोष्ट ऋषभाची. षड्ज-ऋषभाचे प्रमाण आठास नऊ, आणि ती आकृती मोठ्या कागदावर इतकी रेखीव दिसते की मी तिच्या प्रेमातच पडले होते. पण छातीवरच्या बिल्ल्यावर ती जेमतेम बारा मिलिमीटरची होणार होती, आणि तेवढ्या जागेत सतरा हेलकाव्यांची जाळी म्हणजे नुसता डाग. रेषा बारीक केली तर ती छपाईत तुटते आणि पिशवीवरच्या भरतकामात तर टिकतच नाही. शेवटी ज्या प्रमाणांत सहापेक्षा मोठा आकडा नाही, तेवढीच सहा ठेवली. ऋषभ वगळताना वाईट वाटले, पण बोधचिन्हाची परीक्षा सगळ्यात लहान आकारात होते, आणि तिथे जे नापास होते ते मोठ्या पडद्यावर कितीही शोभले तरी बाद करावे लागते.

रेषेच्या जाडीतही असेच झाले. गाण्यात श्वास असतो, तेव्हा रेषा कुठे भरीव आणि कुठे हलकी असावी, असे मला वाटत होते. प्रत्येक बिंदूला यादृच्छिक जाडी दिली, तर रेषेला काटे फुटले. यादृच्छिक संख्यांत शेजारच्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. श्वासात तो असतो. म्हणून केन पर्लिन यांचा नॉइज वापरला. त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत संगणकाने काढलेल्या पृष्ठभागांना नैसर्गिक पोत देण्यासाठी होती, आणि तिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. तीत आकडे बदलत राहतात, पण लगतचे आकडे एकमेकांना धरून चालतात. हा बदल आज्ञावलीत एका ओळीचा होता, पण तो केल्यावर रेषा गाऊ लागल्यासारखी वाटली, एवढे मी नक्की म्हणेन.

मोकळीक किती द्यावी, हा प्रश्न या कलेइतकाच जुना आहे. गेओर्ग नीस यांनी १९६८ च्या सुमारास केलेली एक संगणक-आकृती मी नव्याने शिकणाऱ्यांना नेहमी दाखवते. तिच्या जर्मन नावाचा अर्थ 'खडी' असा आहे. आडवे बारा आणि उभे बावीस असे चौकोन. वरच्या ओळी शिस्तीत बसलेल्या आणि खाली येता येता प्रत्येक चौकोन थोडा अधिक कलंडलेला, थोडा अधिक सरकलेला, इतका की तळाशी खरोखर खडी विखुरल्यासारखी दिसावी. संगणकाने त्यात फक्त आकडे पुरवले. शिस्त कुठे संपवायची आणि पसारा कोणत्या गतीने वाढवायचा, हे नीस यांनी ठरवले. व्हेरा मोल्नार यांनी तर संगणक हाती येण्याआधी, १९५९ पासूनच, मनाशी कल्पिलेल्या यंत्राचे नियम पाळत हाताने चित्रे काढली; प्रत्यक्ष संगणक त्यांना १९६८ मध्ये मिळाला. नियम लिहिणे हे चित्रकाराचेच काम आहे, याचा यापेक्षा सबळ दाखला मला ठाऊक नाही.

"मग हे एआयचंच काम ना?" असेही हल्ली विचारले जाते. नाही. माझी आज्ञावली दोनशे ओळींच्या आत संपते, तिने कोणाचीही चित्रे पाहिलेली नाहीत, आणि एखादी रेषा जिथे वळते तिथे ती का वळली, हे मी ओळीवर बोट ठेवून सांगू शकते.

आता बीजाविषयी. संगणकाची यादृच्छिकता खरी नसते. एका आकड्यापासून सुरुवात करून तो ठरलेल्या गणिताने पुढचे आकडे काढत जातो. त्या पहिल्या आकड्याला बीज म्हणतात, आणि तेच बीज पुन्हा दिले की तीच आकृती पुन्हा उगवते. हे मला फार आधीच्या एका कामात कळायला हवे होते. तिथे आयोजकांनी पन्नास नमुन्यांतून एक निवडला, पण मी त्याचे बीज नोंदवलेच नव्हते, आणि पडद्याच्या छायाचित्रावरून ती आकृती हाताने गिरवून काढावी लागली. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावातच बीज लिहिते. गायन महोत्सवात वृंदाच्या नावातील अक्षरांवरून बीज काढायचे, म्हणजे चिन्ह नावातूनच उगवेल, अशी माझी कल्पना होती. पण एका वृंदाचे नाव नोंदणीत ऱ्हस्व इकाराने आणि प्रवेशिकेत दीर्घ ईकाराने लिहिलेले आले, आणि त्यांना दोन अगदी वेगळी चिन्हे मिळाली. कल्पना सुंदर होती, पण शुद्धलेखनावर विसंबलेली होती. शेवटी नोंदणी क्रमांक हेच बीज ठरवले.

अशी बदलती चिन्हे मी समारंभांसाठीच का सुचवते आणि कायमस्वरूपी संस्थांना सहसा का सुचवत नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅब या संशोधन संस्थेने २०११ मध्ये आज्ञावलीतून निघणारे बोधचिन्ह स्वीकारले होते; त्याची चाळीस हजार रूपे शक्य होती, आणि प्रत्येकाला आपापले रूप मिळावे असा हेतू होता. २०१४ मध्ये मात्र संस्थेने तुलनेने स्थिर अशी नवी रचना घेतली. पहिले काम मला आजही अतिशय आवडते, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या संस्थेची ओळख लोकांच्या डोळ्यांत मुरावी लागते, आणि सतत बदलणाऱ्या रूपाला मुरायला उसंत मिळत नाही. समारंभाचे तसे नसते. तो थोडे दिवस असतो, एकाच वेळी पडद्यावर, बिल्ल्यावर, फलकावर दिसतो, आणि येणारा माणूस त्याची अनेक रूपे एका दिवसात शेजारी शेजारी पाहतो. त्यामुळे रूपे वेगळी असूनही कूळ एकच आहे, हे त्याला आपोआप उमगते. हॅनोव्हरच्या २००० सालच्या जागतिक प्रदर्शनाचे चिन्ह असेच रूप बदलणारे होते. टोकियो २०२० च्या ऑलिम्पिक चिन्हात दुसरी वाट दिसते: आसाओ टोकोलो यांनी तीन प्रकारचे एकूण ४५ चौकोन घेतले आणि तेच ४५ निराळ्या रीतीने मांडून पॅरालिम्पिकचेही चिन्ह केले. पाहणाऱ्याला दोन स्थिर चिन्हे दिसतात, पण दोन्हींच्या मागे नियम एकच आहे. आयोजकांना रूपांच्या संख्येची धास्ती वाटते, तेव्हा मी त्यांना हे उदाहरण देते आणि पत्रव्यवहारासाठी एक प्रमाण रूप ठरवून देते. गायन महोत्सवात ते अर्थातच षड्ज-पंचमाचे होते.

राहिला रंगमंचामागचा पडदा. दोन सुरांचे प्रमाण अचूक असेल तर आकृती स्थिर राहते. ते किंचित ढळले, तर ती सावकाश फिरू लागते. पियानोचा पंचम नेमका १.५ पट नसतो, सुमारे १.४९८३ पट असतो; तेवढ्या फरकानेही वेणी जागच्या जागी कूस बदलत राहते. पडद्यासाठी मी प्रमाण मुद्दाम असे जरासे ढळते ठेवले. फिरताना वेणी अधूनमधून मिटून एकच कमान होते आणि लगेच पुन्हा उमलते, म्हणजे छपाईसाठी जे अंश वर्ज्य केले होते त्यांतूनच ती जाते, आणि तिथे ते फार सुरेख दिसते. एक फेरा आधी बारा सेकंदांचा होता. तालमीच्या वेळी एका वृंदाच्या संचालकांनी मला बोलावून सांगितले, की पडद्याची गती त्यांच्या लयीशी भांडते आणि मागच्या रांगेतील गाणाऱ्यांची नजर तिकडे जाते. मी तिथेच बसून वीस केले, मग तीस केले. चाळीस सेकंदांवर त्यांनी मान डोलावली, आणि आज्ञावलीत तो आकडा तसाच राहिला.