बंद घरातलं पाणी

सोसायटीच्या सचिवांचा फोन सकाळी पावणेआठला आला, तेव्हा मी डबा भरत होते. "मॅडम, आज येऊन एक कागद द्या. एक हजार एकचा मीटर बरोबर चालतोय एवढंच लिहायचं, खाली सही करायची. संध्याकाळी सातला कमिटी बसतेय."

पुण्याच्या उंड्री भागातली दहा मजली इमारत. एक हजार एक म्हणजे सगळ्यात वरचा मजला. तिथले काका-काकू डिसेंबरच्या सुरुवातीला मुलाकडे अमेरिकेला गेले होते आणि आता मे महिना अर्धा सरला होता. घराला कुलूप, तरी त्या घरात रोज सरासरी चारशे पाच लिटर पाणी येत होतं. महिन्याचे बारा हजारांवर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. ज्या भागात उन्हाळाभर टँकरच्या रांगा लागतात, तिथे हा आकडा कुणालाही झोंबणारच.

घराची किल्ली एकाच बाईकडे होती. इमारतीतल्या सात घरांत धुणीभांडी करणाऱ्या मावशी. काकूंनी जाताना झाडांना पाणी घालायला त्यांना किल्ली दिली होती. कमिटीचा हिशोब सरळ होता. सरकारी मापात माणशी रोज १३५ लिटर धरतात, चारशे पाच म्हणजे तीन माणसं. मावशी आणि त्यांच्या दोन मुली, तीन माणसं. त्यातून पाणी बाथरूमच्या मीटरमधून जात होतं आणि स्वयंपाकघराचा मीटर जवळजवळ हलत नव्हता. म्हणजे मायलेकी येऊन आंघोळी करतात, कपडे धुतात आणि जातात. त्यांना गेटवर मनाई करायचं ठरत आलं होतं. माझ्या सहीचा कागद तेवढा फाईलला लावायचा बाकी होता.

मी सहा वर्षं पाण्याच्या मीटरचं काम करते. महापालिका समान पाणीपुरवठा योजनेत मीटर लावते तो नळजोडाच्या तोंडाशी, सगळ्या सोसायटीला मिळून. आत कोणाच्या घरात किती गेलं, याचा हिशोब ज्याचा त्याने ठेवायचा. त्यासाठी सोसायट्या आमच्यासारख्यांना बोलावतात. आम्ही बसवतो ते मीटर अल्ट्रासॉनिक. त्यात फिरणारं चाक नसतं. नळीतून आवाजाची लहर एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा प्रवाहाविरुद्ध जाते, दोन्हींना लागलेल्या वेळेतल्या फरकावरून पाण्याचा वेग कळतो. दर तासाचा आकडा रेडिओवरून गच्चीवरच्या गेटवेला जातो आणि तिथून सचिवांच्या मोबाईलवर.

साडेनऊला पोचले. मावशी दाराबाहेरच उभ्या होत्या. कुलूप त्यांनी उघडलं, पण उंबरा ओलांडला नाही.

"ताई, मी इथे हातसुद्धा धुवत नाही," एवढंच म्हणाल्या.

आधी मीटर तपासला. वीस लिटरची खूण असलेली बादली बाथरूमच्या नळाखाली धरली, खुणेपर्यंत भरली. ड्राय बाल्कनीच्या झडपेतून हात घातला की डक्टमधले दोन्ही मीटर शेजारी शेजारी दिसतात. बाथरूमच्या मीटरवर वीस लिटर वाढले होते. पुन्हा भरली, पुन्हा वीस. मीटर चोख होता. सचिवांना हवा होता तो कागद मी त्याच क्षणी देऊ शकत होते आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असता.

पण मीटर खरा असणं आणि मावशींनी पाणी वापरलेलं असणं, यांत बरंच अंतर आहे. मी फरशीवर बसून लॅपटॉपवर गेल्या महिन्याचे तासातासाचे आकडे उघडले. महिन्याच्या बेरजेत माणूस दिसत नाही, तासाच्या आकड्यांत दिसतो. गळती असेल तर रात्री दोनलाही पाणी वाहतं. इथे रात्री बारा ते पाच जवळपास शून्य होतं, म्हणूनच आमच्या यंत्रणेने गळतीचा इशारा कधी दिला नव्हता. पहाटे साडेपाचनंतर सुरुवात, सात ते नऊ जोर, मग दुपारी बारा-एकला थोडं, चार-पाचला जरासं आणि रात्री साडेआठ ते दहा पुन्हा भरपूर. रविवारी सकाळचा जोर तासभर उशिरा.

मी ते वेळापत्रक बघत राहिले. आंघोळीचं पाणी असं लागत नाही. बादली भरते तेव्हा मोठा आकडा येतो आणि संपतो. हे सुटंसुटं, थोडं थोडं, दिवसभर पुरवून वापरलेलं पाणी होतं. डबे, कुकर, दुपारची पानं, चहा, रात्रीची भांडी. बाथरूमच्या मीटरवर स्वयंपाकघराचा दिवस उमटला होता. आणि मावशी तर सकाळी सात ते नऊ चौथ्या आणि सहाव्या मजल्यावर कामाला असतात, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी नेहमीची तपासणी सोडली नाही. बहुतेक वेळा दोषी फ्लशच निघतो. टाकीतलं रबर कडक झालं की पाणी भांड्यात आवाज न करता झिरपत राहतं. दोन्ही फ्लशच्या टाक्यांत खाण्याचा लाल रंग टाकला, अर्धा तास थांबले. भांड्यातलं पाणी स्वच्छ होतं.

तोपर्यंत आमचा प्लंबर आला. घरातला एकही नळ उघडा नव्हता आणि मीटरवर मात्र मिनिटाला तीन लिटर चाललं होतं. ते थांबलं. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू झालं. कान लावला तर पाइपात बारीक सळसळ ऐकू येत होती. मी मीटरपाशी आणि तो आत, असं करत एकेक अँगल कॉक बंद करत गेलो. फ्लशचा केला, फरक नाही. बेसिनचा, वॉशिंग मशीनचा, तरी सळसळ चालूच. गिझरचा केला आणि आकडा जागच्या जागी थांबला. उघडला, पुन्हा सुरू.

गिझर बंद होता, त्याखालची फरशी कोरडी खडखडीत. मिनिटाला तीन लिटर गिझरमध्ये शिरत होते आणि कुठूनच बाहेर पडत नव्हते. प्लंबर स्टुलावर उभा राहून वर हात लावून बघत होता, सांधा कुठे ओला आहे का. कुठेच नव्हता.

त्याच वेळी खालच्या नऊशे एकच्या काकू मावशींना शोधत वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अगं, पाच शिट्ट्या झाल्या, डाळ अजून टणकच आहे. भिजत घालायला हवी होती. हल्ली तर रोजचंच झालंय." मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, आठव्या मजल्यावरही हेच चाललंय, तुरीची डाळ बदलून झाली तरी.

मी उठले. डाळ न शिजण्याचं एक कारण जुनी डाळ आणि दुसरं जड, म्हणजे क्षारांचं पाणी. या इमारतीत गच्चीवर दोन टाक्या आहेत. एकीत महापालिकेचं पाणी, खडकवासल्याकडचं, मऊ. ते फक्त स्वयंपाकघरांना उतरतं. दुसरीत बोअर आणि टँकरचं, ते बाथरूमना. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन बॅगेतून घेऊन नऊशे एकच्या काकूंच्या ओट्यावरचा नळ मोजला, तीनशे चाळीस. गच्चीवर जाऊन महापालिकेच्या टाकीतलं पाणी मोजलं, नव्वद.

बाथरूमचं पाणी काकूंच्या डाळीत पोचत होतं.

परत एक हजार एकमध्ये येऊन मी डक्टमध्ये हात घातला तो डावीकडच्या मीटरकडे, ज्याच्याकडे तोवर कोणी नीट बघितलंच नव्हतं. स्वयंपाकघराचा. "हा तर हलतच नाही," असं सगळे म्हणत होते तो. पडद्यावर कोपऱ्यात प्रवाहाची दिशा दाखवणारा लहानसा बाण असतो. तो उलटा होता. उजव्या मीटरवर मिनिटाला तीन लिटर आत, डाव्यावर मिनिटाला तीन लिटर बाहेर. बटण दाबून आतली नोंद काढली. उलट गेलेलं पाणी हा मीटर वेगळ्या खात्यात जमा करतो. सचिवांच्या मोबाईलवर जातं ते फक्त सरळ खातं. ही उणीव आमच्याच कंपनीच्या रचनेतली होती आणि त्या दिवशी मला तिचा फार त्रास झाला, कारण तिच्यामुळे एका बाईला पाच महिने संशयाखाली वावरावं लागलं होतं.

डिसेंबरपासून बाथरूमच्या मीटरमधून आत आलं होतं सुमारे ६४ हजार ८०० लिटर. स्वयंपाकघराच्या मीटरमधून उलट बाहेर गेलं होतं सुमारे ६२ हजार ४००. मध्ये उरले २४००. एकशे साठ दिवसांत, म्हणजे दिवसाला पंधरा लिटर. बाल्कनीत बावीस कुंड्या होत्या.

आता जोड कुठे आहे ते शोधायचं होतं. गिझरची गरम पाण्याची नळी भिंतीतून स्वयंपाकघरातल्या सिंकवर जात होती. तिथे एका दांडीचा मिक्सर. दांडी डावीकडे वळवली की गरम, उजवीकडे गार, मधे ठेवली की दोन्ही. दांडी वर उचललेली आणि बरोबर मधोमध होती. नळाच्या तोंडाला जोड लावून हिरवा पाइप बाल्कनीपर्यंत नेलेला आणि टोकाला खटक्याची पाण्याची बंदूक. पाणी अडत होतं ते फक्त त्या खटक्यापाशी. मिक्सरच्या पोटात मात्र गरम आणि गार अशा दोन्ही नळ्या एकमेकींना मोकळ्या होत्या.

"हा नळ तुम्ही असा ठेवता का?" मी मावशींना विचारलं.

"मी त्याला हात लावत नाही, ताई. जाताना काकांनीच असा करून दिला. म्हणाले, नळाला हात लावू नकोस, जोड निसटेल. खटका दाब, पाणी येईल. झालं की सोड."

त्यांनी पाच महिने तंतोतंत तेच केलं होतं.

दहाही मजल्यांवरच्या, म्हणजे या घरासकट सगळ्या स्वयंपाकघरांना एकच उतरती नळी आहे. खाली कोणी नळ उघडला की त्या नळीतला दाब वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त पडतो, कारण टाकी तिथून जेमतेम एका मजल्याच्या उंचीवर. दाब पडला की बाथरूमच्या नळीतलं पाणी गिझरमधून, मिक्सरमधून त्या नळीत ओढलं जायचं. उलट दिशेने कधी गेलं नाही, कारण गिझरच्या तोंडाशी एनआरव्ही असतो, तो एकाच बाजूने उघडतो. रात्री सगळे नळ बंद झाले की हेही थांबायचं.

सचिवांना वर बोलावलं. काकूंना इंटरकॉमवर सांगितलं, ओट्यावरचा नळ पूर्ण उघडा. सचिव डक्टपाशी वाकून मीटर बघत होते. मी दांडी वर उचलली, आकडा पळायला लागला. खाली दाबली, थांबला. त्यांनी आणखी दोनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा दांडी त्यांनी स्वतःच दाबली.

"म्हणजे पाणी गेलं कुठे?"

"खालच्या घरांत. त्यांच्याही मीटरवर ते चढलंय. तुमच्याकडे पाच महिने सगळ्या घरांची बेरीज टाक्यांच्या मुख्य मीटरपेक्षा जास्त येतेय." एरवी ती थोडी कमी भरते, पाणी कुठे ना कुठे झिरपतंच. त्यांच्या मोबाईलवर ते पान उघडून दाखवलं. चोरी झाली असती तर मुख्य मीटरवर पाणी जास्त गेलेलं दिसलं असतं. इथे तेच पाणी दोनदा मोजलं गेलं होतं.

बिलापेक्षा मला काळजी होती ती वेगळीच. बोअरचं आणि टँकरचं, पिण्यासाठी न तपासलेलं पाणी पाच महिने पिण्याच्या नळीत मिसळत होतं. मी सचिवांना सांगितलं की मीटिंगमध्ये हा विषय पहिला घ्या, आजपासून तपासणी होईपर्यंत नळाचं पाणी उकळून प्यायला सांगा आणि सगळे नळ उघडून महापालिकेच्या टाकीतलं पाणी नळीतून वाहून जाऊ द्या. प्लंबरने त्याच दुपारी स्वयंपाकघराच्या मीटरपुढे एनआरव्ही बसवला आणि पाइप, जोड, बंदूक काढून ठेवली. बाकीच्या घरांतही असे मिक्सर आणि असे जोड बघायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत काकूंच्या नळाचा टीडीएस शंभराच्या खाली आला.

मीटर बरोबर आहे, असा कागद मी दिला. त्याखाली बाणाचे, दांडीचे आणि दोन्ही खात्यांचे फोटो जोडले आणि लिहिलं की सदर पाणी या घरात कोणीही वापरलेलं नाही. सचिवांनी तो माझ्यासमोर वाचला. मग दारात जाऊन मावशींना म्हणाले, "आमची चूक झाली." ते जरा घाईत म्हणाले, पण जिन्यात दोन-तीन शेजारी उभे होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले.

मावशी काही बोलल्या नाहीत. बाल्कनीकडे बघत होत्या. मोगऱ्याची पानं दुपारच्या उन्हाने खाली आली होती.

"ताई, पाइप काढला. मग आता झाडांना पाणी कसं घालू?"

मी बाथरूममधली बादली दाखवली. त्यांनी पदर खोचला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्या घरात आल्या. बादली अर्धीअधिक भरली, मग थांबून म्हणाल्या, आकडा कुठे दिसतो ते मलाही दाखवा. आम्ही दोघी झडपेपाशी वाकलो. उजव्या मीटरवर चौदा लिटर वाढले होते. डाव्यावर काहीच नाही. दोन्ही पडद्यांवरचे बाण गेले होते.