दादाची मराठी आणि हॉस्पिटलची इंग्रजी

दादाला स्ट्रोक आल्याचं कळवल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "हातपाय हलतायत ना?" डावे हलत होते, उजवी बाजू लुळी पडली होती. पण खरी पंचाईत झाली ती बोलण्याची. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं आणि रक्ताची गुठळी नेमकी तिथेच अडकली. मेंदूला इजा होऊन बोलणं असं अडतं, त्याला अफेझिया म्हणतात. दादा आम्हाला ओळखतो, विनोदावर हसतो, वैतागतोही. शब्द तेवढा सापडत नाही.

परदेशात हे दुखणं दुहेरी होतं. दादाची नोकरी इंग्रजीत, घर मराठीत, वहिनीशी भांडण तर शुद्ध मराठीत. मग आधी परत काय येणार? जुनं आधी, नव्याला धक्का जास्त, असा नियम रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली मांडला होता. १८९५ मध्ये पित्र या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं: आजारापूर्वी रोजच्या वापरात होती, ती भाषा आधी. प्रत्यक्षात पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, काहींच्या नाही. म्हणजे दोन्हींत तपासल्याशिवाय कळायचं नाही.

आमच्या स्पीच थेरपिस्टबाईंनी मराठी दुभाषी मागवला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही मागाच. घरचं माणूस या कामाला कुचकामी, कारण आपण मायेपोटी वाक्य दुरुस्त करून सांगतो. चावीचं चित्र बघून दादा "चाळी" म्हणाला, तर बाईंना "चाळी"च कळायला हवं. आवाज चुकला की अर्थ, यावरून पुढचा सराव ठरतो.

एकदा त्यांनी चार बोटं दाखवून आकडा विचारला. दादा घामाघूम झाला, "चार" काही येईना. मग दुभाष्याने "बे एके बे" सुरू करून दिलं आणि स्वारी थेट "बे दाहे वीस"वर जाऊन थांबली! वाटेतला "चार"सुद्धा बिनबोभाट आला. पाढे, आठवड्याचे वार, पाठ असलेली गाणी, असं घोटून घोटून मुरलेलं बोलणं अफेझियात बऱ्याचदा टिकून राहतं. शिव्याही. रक्त काढायला सुई टोचली तेव्हा दादाने जी अस्खलित शिवी हासडली, ती ऐकून वहिनी आनंदाने रडली.

बाकीचं थोडक्यात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही. तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निसटू शकतो. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. हे सगळं जमतं. गप्प बसणं मात्र महाकठीण. तो शब्द शोधत असताना आपल्या ओठांवर तो तयार असतो, आणि तरी थांबायचं असतं.

आता काका-मावशी मंडळींना विनंती. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका, तो बहिरा झालेला नाही. टीव्ही बंद ठेवा. "हो" की "नाही" एवढ्यावर भागेल असं विचारा, पण त्याचा "हो" कधी कधी "नाही" असतो, तेव्हा त्याचा अंगठा वर आहे की खाली ते बघा. "कधी बरा होणार?" याची तारीख डॉक्टरही देत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, पुढे वेग मंदावतो, पण ती थांबतेच असं नाही.

आणि "कसा आहेस?" हे तर विचारूच नका, त्याच्या उत्तराला फार शब्द लागतात. क्रिकेटचं सांगा, कोणाचं कोणाशी बिनसलं ते सांगा, तो ऐकेल. फोन त्याच्या सकाळी करा. दुपारनंतर तो दमतो, आणि दमला की आहेत ते शब्दही पळतात.