नव्याने बांधलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात हेड गॅस्केट का गळते

टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन पूर्ण उघडले, सिलिंडरला बोअर केले, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घालून ते पुन्हा बांधले, आणि थोडे चालवताच हेड आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून काळपट तेल पाझरू लागले, की बहुतेकांचा पहिला संशय गॅस्केटवर, म्हणजे या सांध्यात दाबून बसणाऱ्या पातळ चकतीवर, जातो. मग दुसरे गॅस्केट आणले जाते, त्यावर सीलंटचा थर चढतो, नट आणखी जरा आवळले जातात आणि काही दिवसांत फिनांवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पात्यांवर, तोच ओला डाग पुन्हा दिसतो. माझे मत असे झाले आहे की अशा इंजिनात गॅस्केटवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात गॅस्केट थकते, हे खरे. पण नव्याने बांधलेल्या इंजिनात ज्या दोन पृष्ठभागांमध्ये ते बसते आणि ज्या स्टडांनी (हेड आवळणाऱ्या आट्यांच्या लांब दांड्यांनी) ते दाबले जाते, त्यांचीच मापे कामाच्या ओघात बदललेली असतात.

हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, तेलाच्या किंवा पाण्याच्या वाटाही नसतात, त्यामुळे गॅस्केटला केवळ ज्वलनाचा वायू अडवायचा असतो. काम एकच आहे, पण त्याचा भार मोठा आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि ज्वलनाचा कमाल दाब ५० बार धरला, तर हेडला वर उचलणारे बल जवळपास एक टन वजनाइतके होते. आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होत असल्यामुळे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हा धक्का सेकंदाला १०० वेळा बसतो. स्टडांचा ताण पुरेसा आणि सर्व बाजूंनी सारखा असेल तरच सांधा हे सहन करतो.

उघडण्यापूर्वी गळती खरोखर हेडचीच आहे याची खात्री करून घ्यावी. प्लगचा वॉशर नीट बसला नसेल किंवा सायलेन्सरचा सांधा फुंकत असेल, तरी वाऱ्याबरोबर तेल मागे येऊन फिनांत साचते आणि दोष हेडवर येतो. सिलिंडर स्वच्छ धुऊन कोरडा करावा, सांध्याभोवती आणि प्लगच्या बुडाशी साबणाचे पाणी लावावे आणि किक मारत राहावे. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती आहे. ती जागा खडूने फिनांवर खुणावून ठेवावी, कारण हेड उतरल्यावर ही दिशा आठवत नाही.

उतरवलेले जुने गॅस्केट फेकण्याची घाई करू नये. निदानाचा सर्वांत चांगला पुरावा तेच असते. वायू जेथून निसटतो तेथे आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत काजळीचा पट्टा उमटतो. हा पट्टा दोन स्टडांच्या मधोमध असेल तर पृष्ठभाग वाकलेला असण्याची शक्यता अधिक, आणि एखाद्या स्टडच्या अगदी जवळ असेल तर तो स्टड ताण धरत नाही असे समजावे. गॅस्केटवर दाबाचा ठसा सगळीकडेच फिकट असेल, तर ते मुळात दाबलेच गेलेले नाही.

पृष्ठभाग तपासायला चांगली सरळपट्टी आणि फीलर गेज पुरते. पट्टी हेडवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी, ०.०५ मिलिमीटरची पात कोठेही शिरत असेल तर मी ते हेड तसे बसवत नाही. थोडा वाक काढण्यासाठी जाड सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर अंथरावा, आधी २४० नंबरचा आणि शेवटी ४०० किंवा ६०० नंबरचा, आणि त्यावर हेड इंग्रजी आठच्या आकड्याच्या वळणाने, हलक्या हाताने, अधूनमधून चतकोर फिरवत घासावे. आधी मार्करच्या शाईने पृष्ठभाग रंगवला म्हणजे कोठे घासले जात आहे आणि कोठे खळगा उरला आहे ते स्पष्ट दिसते. वाक जास्त असेल तर लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून घेणे, बरे. सिलिंडरच्या वरच्या तोंडालाही हीच तपासणी लागू आहे, पण तेथे एक गोष्ट अधिक पाहावी लागते: ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये नवा लायनर, म्हणजे आतली नळी, घातलेला असेल, तर त्याची कड भोवतालच्या ॲल्युमिनियमच्या खाली बसलेली नसावी. नेमकी जेथे वायू अडवायचा तेथेच ती खाली राहिली, तर गॅस्केट बाहेरच्या बाजूला घट्ट आणि आतल्या बाजूला सैल राहते, आणि कितीही आवळले तरी हा दोष जात नाही.

ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, असे मला वाटते, ते कारण नटाच्या आत दडलेले असते. फेसिंगमुळे हेडची उंची कमी झाली, किंवा मूळच्यापेक्षा पातळ वॉशर वापरले गेले, की नट स्टडवरचे आटे संपेपर्यंत खाली जातो आणि तेथेच अडतो. टोपीचे नट असतील तर स्टडचे टोक टोपीच्या छताला आतून टेकते. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचे बळ मोजणारा पाना, मात्र ठरलेला आकडा इमानदारीने दाखवतो. नट घट्ट लागतो, पण हेड दाबले जात नाही. हे ओळखणे सोपे आहे: गॅस्केट न घालता हेड बसवावे, नट हाताने शेवटपर्यंत फिरवावेत आणि प्रत्येकाखालचा वॉशर हलतो का ते पाहावे. हलत असेल तर जाड, कठीण पोलादी वॉशर घातल्याने काम होते.

याच वेळी स्टडांचीही परीक्षा घ्यावी. क्रँककेसच्या, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीच्या, ॲल्युमिनियममधले आटे ओढले गेले असतील तर स्टड आवळताना कडकपणा वाढत नाही, पाना नुसता मऊ फिरत राहतो. तेथे गोंद लावणे किंवा जाड स्टड ठोकणे हा उपाय नव्हे. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी. नटाच्या आट्यांतली घाणही वाटते त्याहून जास्त नडते, कारण आवळण्याच्या बळाचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो आणि स्टड ताणण्यासाठी जेमतेम दहा टक्के उरतो. एका स्टडचे आटे गंजलेले आणि दुसऱ्याचे स्वच्छ असतील, तर सारख्याच टॉर्कवर दोघांचा ताण बराच वेगळा असतो.

हेड घासल्यावर स्क्विश, म्हणजे पिस्टनची कड आणि हेड यांतले अंतर, पुन्हा मोजल्याशिवाय इंजिन बांधून पूर्ण करू नये. पिस्टनवर गजन पिनच्या रेषेत, दोन्ही टोकांना सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवावेत, हेड पूर्ण टॉर्कने आवळावे, इंजिन हाताने एक फेरा फिरवावे आणि चपटलेल्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजावी. रस्त्यावरच्या साध्या इंजिनात मी १ मिलिमीटरच्या आसपासचे अंतर पसंत करतो. अंतर कमी आणि कॉम्प्रेशन जास्त झाले की ठोका, म्हणजे मिश्रण एकदम भडकल्याचा खणखणाट, येऊ लागतो, आणि ठोका धडधाकट गॅस्केटही जाळतो. कोठून तरी बाहेरची हवा शिरून मिश्रण पातळ झाल्यानेही हेच घडते. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून, पिस्टन तळाशी ठेवून, सुमारे ०.४ बार हवेने इंजिन भरावे आणि क्रँकचे सील, खालचे गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचा सांधा साबणाच्या पाण्याने तपासावा. या स्थितीत पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्या, उघडे असल्याने हेडचा सांधाही त्याच दाबाखाली येतो.

गॅस्केट तांब्याचे असेल तर ते पुन्हा वापरता येते, पण दाबले गेल्याने तांबे कडक होते. ते मंद लाल होईपर्यंत सर्व बाजूंनी तापवून पाण्यात सोडावे. पोलादासारखे तांबे पाण्याने कडक होत नाही, उलट वरची काळी खपली गळून पडते. सीलंटबद्दल मी फारसा उत्साही नाही. तांब्यावर अगदी पातळ फवारा चालेल; जाड लेप मात्र पृष्ठभागाचा दोष थोडे दिवस झाकतो एवढेच.

आवळताना नट नेहमी समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आणि इंजिन पूर्ण थंड असताना आवळावेत. टॉर्कचा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्यावा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे गरम इंजिनात स्टड आधीच ताणलेले असतात आणि त्या अवस्थेत लावलेला टॉर्क थंड झाल्यावर अपुरा पडतो. इंजिन एकदा चांगले तापवून रात्रभर थंड होऊ द्यावे, मग एकेक नट थोडा सैल करून पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आणावा. या पहिल्या खेपेला प्रत्येक नट किंचित पुढे सरकतो, कारण गॅस्केट बसलेले असते. पुढच्या थंड तपासणीतही एखादाच नट सरकत राहिला, तर तो स्टड लांबत आहे किंवा त्याचे आटे क्रँककेसमधून सुटत आहेत, आणि हेड पुन्हा उतरवून आधी तो स्टड बाहेर काढावा लागेल.