धन लक्षणे आणि ऋण लक्षणे

अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचे प्रकरण सुरू झाले की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबते. भास आणि भ्रम यांबद्दल विद्यार्थी भरभरून लिहितात, त्याला उदाहरणेही जोडतात. ऋण लक्षणांच्या वाट्याला मात्र उत्तरपत्रिकेत जेमतेम दीड ओळ येते. हा आजार त्या दीड ओळीतच सर्वाधिक काळ मुक्काम करतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल. अनेक मराठी टिपणांत ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ लक्षणे असे लिहिलेले असते. एका विद्यार्थिनीने मला अगदी प्रामाणिकपणे विचारले होते, “मॅडम, लक्षणे सकारात्मक असतील तर ती घालवायची कशाला?” तेव्हापासून मी शाळेच्या गणितातले धन आणि ऋण हे शब्दच वापरते. मनाच्या नेहमीच्या व्यवहारात जे नसायला हवे ते येऊन मिळाले, तर ते धन लक्षण. जे असायला हवे ते वजा झाले, तर ते ऋण लक्षण.

धन लक्षणांत पहिले येतात ते भास, म्हणजे बाहेर उद्दीपक (आवाज, दृश्य असे काही) नसताना होणारे संवेदन. स्किझोफ्रेनियात बहुतेकदा ते आवाजांचे असते. कधी हे आवाज आज्ञा करतात, तर कधी दोन आवाज रुग्णाविषयी आपापसांत बोलतात. रुग्णाला हा आवाज ‘वाटत’ नाही, तो खरोखर ऐकू येतो, त्यामुळे “असे काही नसते रे” या वाक्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. भ्रम म्हणजे पुराव्याने न हलणारी चुकीची श्रद्धा: शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, बातम्या देणारी निवेदिका आपल्यालाच खुणा करते. याखेरीज विचारांची साखळी तुटल्यामुळे बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर घसरत जाते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही.

आता ऋण लक्षणांकडे येते. माझा आतेभाऊ एकोणीस वर्षांचा असताना, पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आजारी पडला. (त्याच्याविषयी त्याच्या परवानगीनेच लिहीत आहे.) त्या वेळी त्याला आवाज ऐकू येत नव्हते, संशयही येत नव्हते. त्याने अंघोळ करणे सोडले, एवढेच आम्हाला दिसले. आत्या न्हाणीघरात गरम पाणी काढून ठेवायची, खुंटीवर पंचा टाकायची आणि त्याला हाताला धरून आत सोडायची. तो हातात तांब्या घेऊन बादलीपाशी अर्धा-पाऊण तास उभा राहायचा आणि पाणी निवल्यावर कोरडाच बाहेर यायचा. आजोबा म्हणायचे, “आळस अंगात मुरलाय, दुसरं काही नाही.” कोणी बाहेरची बाधा सांगितली, कोणी “लग्न करून द्या, सुतासारखा सरळ येईल” असा सल्ला दिला. अशी दीड वर्षे गेली. मग एका रात्री त्याने आत्याला सांगितले की पंख्यातून दोन माणसे त्याच्या प्रत्येक हालचालीवर बोलतात: ‘उठला बघ, आता पाणी पिणार.’ दुसऱ्याच दिवशी सगळे त्याला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. औषधांनी दोन महिन्यांत पंखा गप्प झाला. बादलीपाशी उभे राहणे मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

पुस्तकात याला प्रेरणेचा अभाव म्हणतात. त्याच्या जोडीला चेहऱ्यावरचे भाव मावळणे, बोलणे एक-दोन शब्दांवर येणे, आनंद घेण्याची क्षमता ओसरणे आणि माणसांतून उठून जाणे ही लक्षणे येतात. येथे विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. हीच लक्षणे नैराश्यामुळे, औषधाने शरीर जखडल्यामुळे किंवा छळाच्या भ्रमापोटी दाराला कडी लावून बसल्यामुळेही दिसू शकतात. अशा वेळी मूळ कारणावर उपचार केले की ती कमी होतात. जी आजाराचाच गाभा असतात, ती सहजी हटत नाहीत. शिवाय अवधान आणि कार्यकारी स्मृती मंदावते ती वेगळीच: दुकानातून तीन वस्तू आणायला गेलेला माणूस एकच घेऊन परत येतो.

निदानाचे निकष थोडक्यात सांगते. 2013 च्या डीएसएम-5 (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका) नुसार भ्रम, भास, विस्कळीत बोलणे, विस्कळीत किंवा ताठरलेले वर्तन आणि ऋण लक्षणे या पाचांपैकी किमान दोन महिनाभर असावी लागतात. त्यातले एक पहिल्या तिघांपैकी हवे, आणि आजाराच्या खुणा एकूण सहा महिने दिसायला हव्यात. जुने उपप्रकार याच आवृत्तीत वगळले गेले, तरीही ते अजून पाठ केले जातात. नशेचे पदार्थ किंवा एखादा शारीरिक आजार हे कारण नाही ना, हे आधी तपासावेच लागते.

नावानेही पुष्कळ घोटाळा केला आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये हा शब्द वापरला, तो विचार, भावना आणि वर्तन यांची परस्परांशी असलेली वीण उसवते या अर्थाने. आपण त्याचे ‘छिन्नमनस्कता’ केले, आणि वाचणाऱ्यांनी ‘एकाच देहात दोन माणसे’ असा अर्थ लावून घेतला. दुहेरी व्यक्तिमत्त्व ही वेगळीच विकृती आहे. जपानमध्येही जुन्या नावाचा अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’ असाच होता. तिथे 2002 मध्ये ते अधिकृतपणे बदलण्यात आले.

कारणांविषयी बोलताना ‘एकच कारण’ शोधण्याचा मोह टाळावा. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभराचा धोका शंभरात सुमारे एक, आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असल्यास सुमारे दहा, आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असल्यास दुसऱ्याला चाळीस ते पन्नास, असे परंपरेने दिले जाणारे आकडे आहेत. जनुके तंतोतंत सारखी असूनही दुसऱ्या जुळ्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते, याचा अर्थ बाकीचा वाटा परिस्थितीचा आहे: गर्भावस्थेतील व प्रसूतीतील गुंतागुंत, बालपणीचे आघात, किशोरवयातील गांजाचे जास्त सेवन. मेंदूच्या पातळीवर डोपामीन या संदेशवाहक रसायनाविषयीचे गृहीतक धन-ऋण भेदाशी बऱ्याच अंशी जुळते. मेंदूच्या खोल भागातील मार्गांत डोपामीनची क्रिया वाढलेली असते, तिचा संबंध भास-भ्रमांशी जोडला जातो. कपाळामागच्या भागात ती कमी पडते, तिचा संबंध ऋण लक्षणांशी.

आत्याला मात्र नातेवाइकांनी विचारले होते, “लहानपणी फार धाकात ठेवलंत का?” 1948 मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी मांडलेली ‘आजार निर्माण करणारी आई’ ही कल्पना संशोधनाने केव्हाच मोडीत काढली, पण ती लोकांच्या तोंडून अजून गेलेली नाही. याचा मला आजही राग येतो.

कुटुंबामुळे आजार होत नसला, तरी तो उलटण्यात घरातील वातावरणाचा वाटा असतो. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या कामातून ‘व्यक्त भावना’ ही संकल्पना पुढे आली: सततची टीका, वैर आणि अति गुंतणे असलेल्या घरांत रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. चंदीगडमधील अभ्यासात अशी घरे लंडनपेक्षा कमी आढळली. या संशोधनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की नातेवाइकांची टीका भास-भ्रमांपेक्षा ऋण लक्षणांवर अधिक होते. पंख्यातून आवाज ऐकणारा मुलगा आजारी आहे हे सर्वांना पटते. अंघोळ न करणारा मुलगा मुद्दाम करतो असे वाटते.

उपचारांत औषधांना पर्याय नाही. 1952 मध्ये पॅरिसमध्ये मनोविकारांवर क्लोरप्रोमाझीन या औषधाचा वापर सुरू झाला आणि तिथून या आजाराचे चित्र पालटले. या प्रकारची औषधे मुख्यतः डोपामीनचे डी-2 ग्राहक (पेशींवरची त्याचा संदेश टिपणारी ठिकाणे) रोखतात, म्हणून धन लक्षणे आटोक्यात येतात. ऋण लक्षणांवर त्यांचा प्रभाव तुटपुंजा आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही गुण न आल्यास क्लोझापीनचा विचार होतो, मात्र त्यात पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. या आजारावरच्या औषधांनी वजन वाढते, काहींनी शरीर ताठरते. या तक्रारी ऐकून घेतल्या नाहीत तर रुग्ण गोळ्या गुपचूप बंद करतो आणि आजार उलटतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास आणि भूल न देता विद्युत उपचार करण्यास मनाई केली आहे, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

औषध जिथे थांबते तिथे मानसशास्त्राचे काम सुरू होते: कुटुंबाचे प्रबोधन, बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार), सामाजिक कौशल्यांचा सराव, आधारासह रोजगार. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारखी संस्था याच क्षेत्रात काम करते. आमच्याकडे पुनर्वसन केंद्रातल्या एका समुपदेशक ताईंनी अंघोळीचे सात तुकडे पाडले, ते मोठ्या अक्षरांत लिहिले आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला. पहिली ओळ होती, ‘तांब्या पाण्यात बुडवणे.’ पहिल्या महिन्यात फक्त दोन ओळींचे उद्दिष्ट होते, आणि तेवढ्यावर कोणी बोलायचे नाही असे घरच्यांना बजावले होते.

तुम्ही प्रशिक्षणासाठी रुग्णालयात जाल आणि पहिला व्यक्तिवृत्तान्त लिहाल, तेव्हा नातेवाईक भासांबद्दल आपणहून सांगतील. त्यांचे सांगून झाले की एक प्रश्न जरूर विचारा: हे सुरू होण्याआधी यांनी काय काय करणे सोडले होते, आणि कोणत्या महिन्यापासून? उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, ‘आळस’ म्हणाले तर तो शब्दही तसाच लिहा.