४१ किलोमीटरवरचे जिवाणू आणि एक अनुत्तरित प्रश्न

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या फुग्याच्या तळावरून, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून फॅसिलिटीवरून, २ कोटी ६७ लाख घनफूट आकारमानाचा एक फुगा आकाशात गेला. घनमीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ७ लाख ५६ हजार. त्याखाली ४५९ किलोची उपकरणपेटी, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन आणि निऑनमध्ये बुडालेल्या १६ निर्वात, निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून घ्यायची, पेटी पॅराशूटने खाली आणायची आणि त्या हवेत काही जिवंत आहे का ते बघायचं, एवढंच काम. प्रयोगाचे मुख्य संशोधक होते जयंत नारळीकर. असंच एक उड्डाण २००१ च्या जानेवारीत झालं होतं. अवकाशातून पृथ्वीवर जीव येतात, असं फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे हे खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं म्हणत होते. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइलचेच विद्यार्थी. पहिल्या उड्डाणानंतर सात महिन्यांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, हॉइल वारले.

निकाल मार्च २००९ मध्ये जाहीर झाला आणि बातम्यांचे मथळे अपेक्षेप्रमाणे सुटले. प्रयोगाला पाठबळ देणाऱ्या खुद्द इस्रोच्या निवेदनात मात्र स्पष्ट म्हटलं होतं की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो: तो नेमका कुठे अडला, आणि का.

आधी यंत्रणा बघू, कारण ती फार देखणी आहे. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे चारशेवा भाग असतो. तिथे रिकामी नळी उघडली तर आत येईल ती हवा इतकी विरळ असेल की तपासायला हाती काही लागायचं नाही. पंप लावावा तर पंपाच्या आत तेल, सील, धूळ, म्हणजे भेसळीची दहा दारं. म्हणून निऑन. द्रव निऑन उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो. या तापमानाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नळीच्या भिंतीवर गोठून बसतात. हवा गोठली की आतली पोकळी तशीच राहते आणि बाहेरची हवा आत ओढली जातच राहते. नळी स्वतःच पंप होते, एकही हलता भाग आत नसताना. फुग्यात भरतात तो हायड्रोजन किंवा हीलियम या तापमानाला गोठत नाही, त्यामुळे फुग्यातून गळलेल्या वायूने नळ्या भरून जाण्याचीही भीती नाही.

नमुने हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राचं केंद्र) आणि पुण्याची एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) अशा दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले. पेशी बशीत वाढवल्यावर जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे पुंजके, मिळाल्या. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस आरआरएनए या जनुकाची तुलना केल्यावर जिवाणूंपैकी नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या प्रजातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळले. तीन नवीन निघाले. त्यांना जनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावं मिळाली. तिघेही आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे होते.

आता प्रश्न तीन आहेत, आणि लोक त्यांचा एकच करून टाकतात. हे जीव खरोखर ४१ किलोमीटरवरच्या हवेत होते का? होते, तर तिथे खालून गेले की वरून आले? आणि वरून आले असतील, तर ते मुळात कुठले?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिकाम्या नळ्या देतात. जशीच्या तशी तयार केलेली, वर जाऊन आलेली, पण कधीच न उघडलेली नळी तपासायची. त्यात काही उगवलं नाही तर ‘भेसळ नाही’ असं म्हणायचा मोह होतो. इथे थोडा हिशेब करून बघा. तीन रिकाम्या नळ्या स्वच्छ निघाल्या, तर ९५ टक्के खात्रीने फार तर एवढंच म्हणता येतं की एका नळीत भेसळ होण्याची शक्यता ६३ टक्क्यांपेक्षा कमी आहे. सोळा स्वच्छ निघाल्या तर हा आकडा १७ टक्क्यांवर येतो. १० टक्क्यांच्या खाली जायला जवळपास तीस रिकाम्या नळ्या लागतात, आणि प्रत्येक नळी म्हणजे वजन, निऑन आणि पैसा. शिवाय न उघडलेली नळी फक्त नळीच्या आतली स्वच्छता सांगते. तोंड उघडल्यावर फुग्याच्या कापडावरून, दोरांवरून, पेटीच्या बाहेरच्या पत्र्यावरून जे झडतं, त्याबद्दल ती गप्प असते. त्यासाठी वेगळी युक्ती लागते. समुद्रतळाखालचे जिवाणू शोधणारे लोक ड्रिलिंगच्या पाण्यात जिवाणूएवढेच, सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे चमकणारे प्लास्टिकचे मणी सोडतात. खडकाच्या गाभ्यात मणी दिसला की समजायचं, बाहेरचं पाणी आत शिरलंय. फुग्याच्या कापडावर आणि दोरांवर असे मणी लावून वर पाठवले, तर बाहेरून आत येणारी वाट किती उघडी आहे हे थेट मोजता येईल.

डीएनएच्या बाजूनेही एक सापळा आहे, आणि तो बराच उशिरा लक्षात आला. डीएनए वेगळा काढण्याच्या विकतच्या किटमध्ये, त्यातल्या पाण्यात आणि एन्झाइममध्ये जिवाणूंचा डीएनए आधीपासूनच असतो. नमुन्यात लाखो पेशी असतील तर तो बुडून जातो. पण स्थितांबरातल्या, म्हणजे या प्रयोगातल्या उंचीवरच्या, हवेसारख्या जवळपास रिकाम्या नमुन्यात किटचाच डीएनए नमुना म्हणून समोर येतो. २०१४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं आणि कमी जैवभाराच्या कितीतरी निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. हैदराबादच्या गटाने पेशी वाढवून मग जनुक वाचलं, त्यामुळे या सापळ्यातून ते वाचले. पण वाढवण्याची किंमत वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

दुसरा प्रश्न खालून की वरून. एक मायक्रॉनचा कण ४१ किलोमीटरवर दिवसाला साधारण दोनशे मीटर खाली येतो. तिथे हवेचे रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की कण त्यांच्यामधून निसटतो. २० किलोमीटरवर तोच कण दिवसाला जेमतेम बारा मीटर उतरतो. म्हणजे वरून येणारे कण खालच्या थरात साचतात आणि घनमीटरमागे खालीच जास्त दिसतात. खालून वर जाणारेही खालीच जास्त दिसणार! म्हणून घनमीटरमागे मोजणं निरुपयोगी. मोजायचं ते किलोभर हवेमागे. ४१ ऐवजी २० किलोमीटरवर हवा सुमारे पंचवीस पट दाट असते आणि कणांचा वेग सतरा-अठरा पट कमी. वरून सतत पाऊस पडत असेल तर किलोभर हवेमागचे कण साऱ्या उंचीवर साधारण सारखे, किंवा वर थोडे जास्तच निघायला हवेत. खालून जात असतील तर उंचीबरोबर झपाट्याने कमी व्हायला हवेत. हवेचं उभं घुसळणं यात धरलेलं नाही, तरी दोन चित्रांमधला फरक दिसण्याइतका मोठा आहे.

मग अडचण काय? बारा वसाहती. चार उंच्यांमध्ये वाटल्या तर प्रत्येकी तीन, आणि तीनच्या मोजणीतली अनिश्चितता अधिक-उणे १.७. यातून चढ किंवा उतार दिसत नाही. त्यासाठी शेकड्यांनी पेशी हव्यात, म्हणजे कैक पट जास्त हवा, म्हणजे अनेक उड्डाणं.

‘पण खालून काही इतक्या उंच जातंच कसं?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. जातं. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला, तोही समुद्राचं पाणी सोबत घेऊन. असे उद्रेक रोज होत नाहीत हे खरं, पण अशक्य म्हणण्याचा मार्ग तरी बंद झाला. अतिनील किरणांचा मुद्दाही असाच पोकळ निघतो. ओझोनचा मुख्य थर खाली राहिला की वर फक्त सहनशील पेशीच जगतात. मग त्या कुठूनही आलेल्या असोत, चाळणीतून उरणारं ते उरणारच. आणि सहनशक्ती पृथ्वीवर नवीन नाही. डायनोकोकस रेडिओड्युरन्स हा किरणोत्साराला पुरून उरणारा जिवाणू १९५६ मध्ये अमेरिकेत डब्यातल्या मांसात सापडला. माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट मात्रा तो पचवतो, आणि यामागे कोरडं पडून जगण्याची सवय असावी असं बहुतेकांचं मत आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात रोचक वाटतो, कारण इथे प्रयोगाची कुवत वाढवून भागत नाही. ‘नवीन प्रजाती’ याचा अर्थ फक्त ‘आधी नोंद नव्हती’ एवढाच. मातीतल्या जिवाणूंपैकी प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमावर, म्हणजे बशीतल्या पोषक थरावर, शंभरात एखादाच वाढतो, तेव्हा नोंद नसलेली प्रजाती कुठल्याही बागेतल्या मूठभर मातीतून काढता येते. बॅसिलस आर्यभट्टायचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. तो नंतर ठिकठिकाणच्या मातीत आणि पिकांच्या मुळांशी सापडत गेला. ब्राझीलच्या कोरड्या भागातल्या मांडाकारू निवडुंगाच्या मुळांजवळ मिळालेला त्याचा एक वाण आता मक्याला पाण्याचा ताण सोसायला मदत करणारं जैविक उत्पादन म्हणून विकला जातो.

म्हणजे आर्यभट्टाय पृथ्वीवरचाच ठरला? बहुतेकांना तसं वाटेल, मलाही वाटतं. पण विरुद्ध बाजू सहज म्हणू शकते की तो वरून पडला आणि निवडुंगापाशी रुजला. जुळला तर ‘पृथ्वीवरचं जीवनच तिकडून आलंय’, नाही जुळला तर ‘बघा, परका’. जी कल्पना दोन्ही निकाल पचवते, तिला डीएनए वाचून हरवता येत नाही आणि जिंकवताही येत नाही. आपल्याकडे जीवनाचं एकच उदाहरण आहे. त्याच उदाहरणाशी तुलना करून परकेपणा ठरवायचा, हा पेच कुठल्याही सूक्ष्मदर्शकाने सुटत नाही.

तरी एक भौतिक खूण शिल्लक राहते: समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतल्या अमिनो आम्लांत कार्बन-१३ चं प्रमाण पृथ्वीवरच्या सजीवांपेक्षा जास्त आहे. पेशीचा कार्बन तसा निघाला, तर ‘कुठली’ या प्रश्नाचं काहीएक उत्तर मिळतं. एका पेशीचं वजन ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग, पण नॅनोसिम्ससारखं यंत्र एकेका पेशीवर अशी मोजणी करू शकतं. मात्र पेशी वाढवली की सगळं संपलं. वसाहत डोळ्यांना दिसेपर्यंत तिच्यात सुमारे एक कोटी पेशी होतात, तेवीस-चोवीस वेळा दुप्पट होऊन. मूळ पेशीचा कार्बन त्यात कोटीत एक भाग उरतो, बाकीचा सगळा बशीतल्या माध्यमाचा. जिवंत आहे हे सिद्ध करणारी पायरीच कुठून आली याचा पुरावा पुसून टाकते.

तपासणीनेच पुरावा खाण्याचा याहून प्रसिद्ध प्रकार मंगळावर घडला. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग मोहिमेतल्या, मंगळावर उतरलेल्या दोन्ही यानांनी अर्धा घनसेंटिमीटर मातीवर किरणोत्सारी कार्बन-१४ असलेलं पोषक द्रावण टाकलं. किरणोत्सारी वायू बाहेर आला. तीच माती आधी १६० अंशांना तीन तास तापवली तर आला नाही. ठरलेल्या निकषानुसार हा ‘जीव आहे’ असाच निकाल होता. पण दुसऱ्यांदा द्रावण टाकल्यावर नवीन वायू निघाला नाही, जे भुकेल्या जिवाणूंना शोभणारं नव्हतं. आणि माती ५०० अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय रेणू शोधणाऱ्या यंत्राला क्लोरिनयुक्त मिथेन सोडून काही मिळालं नाही. ते क्लोरिन पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावणातलं समजून सोडून दिलं गेलं. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट, म्हणजे क्लोरिन आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं क्षार, सापडलं. पर्क्लोरेटसोबत सेंद्रिय पदार्थ तापवले की ते जळून जातात आणि मागे राहतं ते क्लोरिनयुक्त मिथेन. म्हणजे यंत्र जे शोधत होतं ते बहुधा शोधतानाच जाळत होतं. यामुळे मंगळावर जीव आहे असं मात्र ठरत नाही. वायू सोडणारं काम मातीतली तीव्र ऑक्सिडीकारक रसायनंही करू शकतात, आणि बहुसंख्य तज्ज्ञ तेच मानतात.

फुग्याचा प्रयोग पुन्हा करायचा झाला तर माझा क्रम असा असेल. नळी उघडल्याबरोबर नमुन्याचे दोन भाग. एक भाग ०.२ मायक्रॉनच्या गाळणीवर, माध्यमाचा थेंबही न लावता, समस्थानिकांसाठी राखून. दुसरा वाढवण्यासाठी. मणी लावलेला फुगा, निम्म्या नळ्या रिकाम्या, आणि किटचाच कोरा नमुना प्रत्येक खेपेला सोबत. एवढं करूनही गाळणीवरची पेशी स्थितांबरात वर्षभर राहून पृथ्वीवरचा कार्बन खाऊन बसली असेल, तर तिची खूण पुसट झालेली असणार. उलट कार्बन-१३ जास्त निघाला तरी तिने उल्केची धूळ खाल्ली असेल, ही शंका राहीलच.

२००५ च्या नळ्यांतून आलेल्या त्या पेशी मात्र कधीच माध्यमावर पसरून झाल्या. नव्या प्रजातीचं नाव मान्य व्हायला तिचा वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, तसे हेही ठेवलेले आहेत. जनिबॅक्टर हॉइली मागवून वाढवता येतो, त्याची जनुकं वाचता येतात, त्याला अतिनील दिव्याखाली धरता येतं. त्याच्या पेशींमधला कार्बन तेवढा प्रयोगशाळेतल्या माध्यमाचा आहे.